पाय दुखत असेल तर चढाला कशी जाते?

मी भोर तालुक्यात पशुवैद्यक म्हणून काम करत होतो तेव्हाची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. त्या दिवशी वहीत नऊ नोंदी होत्या. दोन रेतनं, वार अडकलेली एक म्हैस, बाकी ताप आणि अपचन. एका वस्तीवरच्या आजींची गाय सातवी. संकरित होल्स्टिन, तिसरं वेत, सहा महिन्यांची गाभण. दोन दिवसांत दूध नऊ लिटरवरून तीनवर आलेलं, रवंथ कमी, शेण घट्ट, ताप १०३.

मी अपचन ठरवलं. एक इंजेक्शन दिलं, कोटीपोटाची, म्हणजे गायीच्या सगळ्यात मोठ्या पोटाची, हालचाल वाढावी म्हणून पावडर लिहून दिली. गाय जपून पाऊल टाकत होती, ते खुराचं दुखणं म्हणून सोडून दिलं. बॅग बंद करून गाडीला किक मारणार, तेवढ्यात आजी पुढे आल्या.

"साहेब, रागावनार नसाल तर एक इचारू?"

"विचारा की."

"पान्यावर जाताना ती उताराला अडती. कन्हती. माघारी वर येताना मातर नीट येती. पाय दुखत असंल तर चढताना बी दुखाया पायजे ना?"

त्यांचा मुलगा ओशाळला. "आई, साहेब शिकल्यालं हायेत. त्यांना काय सांगतीस?"

मी म्हणालो, "आजी, औषध चालू ठेवा. फरक पडेल."

आजींनी मान हलवली, पण वाटेतून बाजूला झाल्या नाहीत. "बरं. औषद लागू पडलं तर मला काय दिसंल? आन् कवा दिसंल?"

"उद्या संध्याकाळपर्यंत खायला लागेल, रवंथ करेल," असं सांगून मी निघालो. आठव्या गायीकडे जायला उशीर होत होता.

दिवसभरात मला कितीतरी जण प्रश्न विचारतात. पण बहुतेकांच्या प्रश्नात दुसऱ्याचं उत्तर दडलेलं असतं. शेजाऱ्यानं अमुक इंजेक्शन सांगितलं, मोबाइलवर तमुक पाहिलं, ते का देत नाही? आजींनी यातलं काहीच केलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं आणि माझ्या सांगण्याशी ते का जुळत नाही एवढंच विचारलं. आणि माझ्याकडून एक मुदत घेऊन ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आला. "साहेब, काल सांजेपतुर रवंथ करंल म्हनला व्हता. करंना. तुमचं चुकलं असं म्हनत न्हाई मी. मला उमगंना म्हून इचारती."

मी चहा तसाच ठेवला. उताराला कण्हणारी गाय! हे लक्षण मी महाविद्यालयात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं. गाय वैरण ओठांनी चाचपून खात नाही. जिभेनं ओढते, अर्धवट चावते, गिळते. त्यात खिळा किंवा तार असली तर ती पुढच्या जाळीपोटात जाऊन बसते. जाळीपोटाच्या पुढे पोट आणि छाती यांच्यामधला पडदा, आणि पडद्यापलीकडे लगेच हृदय. पोट आकुंचन पावलं की तार पुढे रुतत जाते, त्यात गाभण गायीचं वाढतं गर्भाशय मागून रेटा देतं. उताराला पोटातला सगळा भार पुढे येतो, म्हणून दुखतं. चढाला तो मागे सरतो. आजींच्या प्रश्नात निदान जवळजवळ पूर्ण होतं आणि मी ते ऐकून घेतलं नव्हतं.

वस्तीवर पोचलो तर गाय पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून, पाठ कमानीसारखी करून उभी. मी आणि आजींच्या मुलानं छातीमागे पोटाखालून आडवा बांबू धरला, हळूच वर उचलला आणि सोडला. गाय कण्हली. मानेची शीर फुगलेली नव्हती, गळ्याखाली पोळीला सूज नव्हती. तार हृदयापर्यंत गेली नसावी, अशी आशा धरायला जागा होती.

"आजी, वैरणीत तार गेली असेल का?"

त्या मला कडबाकुट्टीपाशी घेऊन गेल्या. टोमॅटो काढल्यावर उरलेल्या तारेनं मक्याच्या पेंढ्या बांधल्या होत्या. घाईत एखादी पेंढी न सोडताच मशीनला गेली असणार. पात्याखाली तारेचे दोन तुकडे आम्हाला तिथंच सापडले.

"आजी, तुम्ही परवा बरोबर विचारत होता. मी थांबायला हवं होतं," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "आता काय करायचं ते सांगा."

इथं थोडं माझ्या घरचं सांगतो. त्याच वर्षी माझ्या आईला दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावाच्या गोळ्या दिल्या होत्या. दोन्हींत डायक्लोफेनॅक, एकच वेदनाशामक. ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, ते नाव मी झोपेतसुद्धा ओळखेन. तरी मोठ्या डॉक्टरांना कसं विचारायचं म्हणून मी आठ दिवस गप्प बसलो. आईच्या पोटात जळजळ सुरू झाली तेव्हा विचारलं. त्यांनी एक गोळी लगेच बंद केली, रागावले वगैरे काही नाहीत. आजींना जे एका वाक्यात जमलं, त्याला मला आठ दिवस लागले होते.

गायीला पिकअपमध्ये चढवलं. पुढच्या पायांखाली मातीची पोती टाकली, म्हणजे पुढचं अंग उंच राहील. नीरा ओलांडून शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. धातुशोधक यंत्र छातीजवळ वाजलं. डाव्या कुशीत भूल देऊन गायीला उभ्यानंच ऑपरेशन केलं. सर्जननी खांद्यापर्यंत हात कोटीपोटात घातला आणि पुढे जाळीपोटात चाचपत राहिले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग हात बाहेर आला. बोटभर लांब तार, एक टोक तिरकं कापलेलं.

तार पडद्यात रुतली होती, पलीकडे गेली नव्हती. पुन्हा काही गिळलं तर चिकटून राहावं म्हणून जाळीपोटात चुंबक सोडलं आणि टाके घातले.

आजी सगळा वेळ दाराशी उभ्या होत्या. सर्जन हात धुऊन निघाले तशा त्या पुढे झाल्या.

"साहेब, रागावनार नसाल तर एक इचारू? आता ही जी इंजेक्शनं देनार, ती चालू असताना दूध डेअरीला घालायचं का न्हाई? आन् बंद केल्यावर किती दिस थांबायचं?"

सर्जन माघारी फिरले. टेबलावरून औषधाची बाटली उचलली आणि तिच्यावरचं बारीक अक्षर आजींच्या मुलाला मोठ्यानं वाचायला लावलं.