बॅरनवरचा लाल पिक्सेल

मुंबईत बसून ज्वालामुखीवर नजर ठेवते म्हटलं की नातेवाईक हसतात. आपल्या पायाखालचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं उलटली, मग बघता काय? बघते अंदमानातल्या बॅरन बेटावरचा ज्वालामुखी, उपग्रहाच्या प्रतिमांमधून. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे 135 किलोमीटरवर, निर्मनुष्य. शतकाहून जास्त झोप काढून 1991 मध्ये ते जागं झालं, तेव्हापासून अधूनमधून धुमसतंय.

मार्चमधली दुपार. आमची नवी प्रोजेक्ट असिस्टंट सायली खुर्चीतून उठलीच. "मॅडम, बॅरन पेटला! इशाऱ्याचा मेल टाकू?" बेटाच्या पश्चिम कडेला एक लालभडक पिक्सेल. मी म्हटलं, थांब. समुद्रावर चमकणारं ऊन 3.74 मायक्रॉनला, म्हणजे आम्ही आग शोधतो त्या अवरक्त तरंगलांबीला, थेट आगीसारखं दिसतं, आणि हा पिक्सेल अर्धा पाण्यात होता. तिचं तोंड एवढंसं झालं.

खरं काय ते उपग्रहाच्या रात्रीच्या फेरीत कळतं. जानेवारी 2017 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं जहाज बॅरनजवळ होतं. त्यावरच्या शास्त्रज्ञांनाही दिवसा नुसती राख दिसली, लाल कारंजी अंधार पडल्यावर.

सकाळी सायली माझ्या आधी हजर. रात्री पाऊणच्या सुमाराच्या प्रतिमेत पिक्सेल होता, आणि तोही थेट विवरावर. "पण 3.74 मायक्रॉनचा चॅनेल 89 अंश सांगतोय, 11.45 चा 29. सेन्सर गंडलाय का?"

गंडलेला नव्हता. त्याच रात्रीच्या पुढच्या फेरीतल्या मुंबई हायच्या, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या, गॅस फ्लेअर्स (जाळल्या जाणाऱ्या वायूच्या ज्वाळा) तिला काढायला लावल्या. तिथेही दोन चॅनेलचं पटत नव्हतं. 1000 केल्विनचा (727 अंश सेल्सिअस) लाव्हा 300 केल्विनच्या (27 अंश) जमिनीपेक्षा 3.74 मायक्रॉनला सुमारे 8000 पट तेजस्वी, तर 11.45 मायक्रॉनला जेमतेम 26 पट. त्यामुळे 375 मीटरच्या पिक्सेलमध्ये 140 चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन फ्लॅटएवढा लाव्हा उघडा पडला, तरी पहिला चॅनेल बासष्ट अंशांनी उसळतो आणि दुसरा दोन अंशही धड हलत नाही. ही तफावत हाच आमचा पुरावा. नुसता उन्हाने तापलेला खडक असता तर दोन्ही चॅनेल बरोबरीने चढले असते.

एक अडचण उरली. 3.74 चा चॅनेल 367 केल्विनला सॅच्युरेट होतो, त्यापुढे मोजू शकत नाही, आणि आम्ही 362 वर (तेच 89 अंश) होतो. लाव्हा जरा पसरला की तो आकडा बिनकामाचा. म्हणून उष्णतेचा हिशोब त्याच सेन्सरच्या एम-13 या दुसऱ्या चॅनेलवरून केला. त्याचा पिक्सेल 750 मीटरचा, ढोबळ, पण तो 634 केल्विनपर्यंत टिकतो. मग मेल गेला, सायलीच्या नावाने.