मागाचा ठेका चुकला

नववीला मराठी शिकवते. श्रवणकौशल्याचा तास म्हणजे मी उतारा वाचायचा आणि मुलांनी पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. माझ्या वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, शाळेत मराठी, गल्लीत थोडी हिंदी. त्यांचे कान खरं तर माझ्यापेक्षा तयार. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कुठलीही क्लिप त्यांना खरीच वाटते. "मॅडम, त्याच्याच आवाजात हाय की!" यावर मला काही बोलता येईना.

मग क्लिप कशी कापता येते ते दाखवायला संगणक कक्षातल्या चालू असलेल्या चार मशीनवर ऑडॅसिटी हे आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट मिळतं, २००० सालापासून आहे. पहिल्या दिवशी मोबाइलवरची आवाजाची एमफोरए फाइलच उघडेना. त्यासाठी एफएफएमपेग नावाचं जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं हे कळेपर्यंत तास संपला.

रेकॉर्डिंग एका मुलीनं शहराच्या पूर्व भागातल्या तिच्या घरी केलं होतं. "मी पैसे घेतले नाहीत. दुकानात गेले होते, एवढंच." मागे यंत्रमाग खडखडत होता, वर पंखा. मला ते गचाळ वाटलं म्हणून नॉइज रिडक्शन, म्हणजे गोंगाट कमी करायची सोय, लावलं. पंखा गेला, माग तसाच राहिला आणि पोरीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. कंट्रोल-झेड दाबून होतं तसं केलं.

मग 'नाहीत' निवडून डिलीट केलं. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी बसतो, त्यामुळे कात्रीला फार सोयीचं. "मी पैसे घेतले. दुकानात गेले होते, एवढंच." वर्ग गप्प. जिचा आवाज, तीच सगळ्यात जास्त घाबरली.

"काय खटकलं?" मी विचारलं. आवाज तोच, सूरही तोच, कुणाला काही सांगता येईना. पुन्हा लावलं. मागच्या बाकावरून एक मुलगी, तिचे वडील मागावरच असतात, म्हणाली, "मॅडम, मागाचा ठेका चुकला."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, उघडला. त्यात डावीकडून उजवीकडे वेळ जाते आणि खालून वर आवाजाची पट्टी चढते. मागाचा प्रत्येक ठोका उभी रेघ होऊन उमटला होता, कुंपणाच्या गजांसारख्या सारख्या अंतरावर. 'घेतले'च्या पुढं मात्र दोन गज एकमेकांना चिकटलेले. जो गोंगाट मी पुसायला निघाले होते, त्यानंच चोरी पकडून दिली.

त्यानंतर तास आवरेना. कुणाचा 'स' वरपर्यंत जातो, कुणाचा 'श' खालूनच पसरतो, हे बघण्यात दोन दिवस गेले. परीक्षेला यातलं काही येत नाही, हे मला सहकाऱ्यांनी आठवणीनं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात एक पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन आला. "आता पकडा, मॅडम." वाक्य तेच, 'नाहीत' गायब. पण पठ्ठ्यानं कापताना ठोक्यापासून ठोक्यापर्यंत मोजून कापलं होतं. गज एकदम सरळ. मी तीनदा ऐकलं आणि हात टेकले. मागवाल्याच्या पोरीनं हेडफोन ओढून घेतला, डोळे मिटले.

"माग बरोबर हाय," ती म्हणाली. "पण पहिल्यात ही 'नाहीत' म्हणून श्वास घेती. इथं घेतच नाही."

पोरगा जरा हिरमुसला. पेन ड्राइव्ह खिशात टाकत म्हणाला, "थांब, उद्या श्वास पण चिकटवून आणतो."