छत्री उलटी करून बघा

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या लॉनवर एका रात्रीत दहाबारा पांढऱ्या छत्र्या उगवल्या, एकेक चांगली बशीएवढी, वर तपकिरी खवले. मी आपला उभ्याउभ्याच वरून फोटो काढला आणि आयनॅचरलिस्टवर (फोटोवरून झाडं-प्राणी ओळखायचं अ‍ॅप) टाकून दिला. अ‍ॅपने चारपाच नावं सुचवली, त्यातली निम्मी खाण्यातली, निम्मी नाही, म्हणजे उपयोग शून्य.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन हजर. "अगं अळंबी आहे ही, गावाला आम्ही हीच तर खातो!" काकू कोकणातल्या, त्यांच्याशी अळंबीवरून वाद घालायचा म्हणजे कठीणच. म्हटलं, काकू एक दिवस थांबा, उद्या करा भाजी.

दुपारी अ‍ॅपवर कुणीतरी लिहिलं, खालून फोटो हवा आणि स्पोअर प्रिंट, म्हणजे छत्रीतून गळणाऱ्या बीजाणूंचा ठसा, काढा. हे काय ते शोधलं तर अगदी सोपं निघालं. सगळ्यात मोठी छत्री घेतली, देठ कापला, पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली आणि वर स्टीलचं पातेलं झाकलं (ते पातेलं आता स्वयंपाकघरातून हद्दपार आहे, आईचा हुकूम). सकाळी उचललं तर कागदावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा, आणि रंग शेवाळी हिरवा! त्या हिरव्या रंगावरून ओळख पटली: क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, विषारी. पावसानंतर लॉनवर हमखास येते, खाल्ली की काही तासांत उलट्या-जुलाब, आणि शिजवूनही भरवसा नाही. लबाडी अशी की कोवळी असताना तिच्या खालच्या पट्ट्या पांढऱ्याच असतात, हिरवट झाक नंतर येते, म्हणजे नुसतं उलटं करूनही फसायला होतं. काकूंच्या गावची ती वेगळी, वारुळावर येणारी, तिचा देठ मुळासारखा खाली खोल जातो, तो उपटायला गेलं तर अर्धा जमिनीतच राहतो. आमच्या लॉनवरची उचलली की बुडाच्या गाठीसकट हातात येत होती.

हे काकूंना पटलं. कागद दाखवल्यावर. माझ्या बोलण्याने नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागलीये, कुणी फोटो पाठवला की आधी विचारते, दुसरा आहे का? झाडाचं नुसतं फूल पाठवतात, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक ते दिसतच नाही. सापाचं तर नुसतं डोकं. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत लोक कायम गोंधळतात, आणि पट्टे कुठून सुरू होतात ते बघायचं तर अख्खा साप दिसायला हवा: कवड्याचे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे जरा मागून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. अर्थात हा फोटो लांबून झूम करून, आणि सर्पमित्राला फोन लावून झाल्यावर. नाव नंतर कळलं तरी चालतं.

काकू आता पक्क्या तयार झाल्यात. परवा कढीपत्त्यावरच्या अळीचे सहा फोटो आले, वरून, खालून, बाजूने, एकात शेजारी रुपयाचं नाणं. अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी. लाईम फुलपाखराची की कॉमन मॉर्मनची, या वयात दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून म्हटलं हिरवी झाली की परत पाठवा. तर काकू म्हणे, "ते ठीक आहे गं, पण तोवर मी फोडणीला काय घालू?"