वहीत खोटं काहीच नव्हतं

सोमवार, रात्री

एका ओळखीच्या शिक्षिकेला वाटतं, मी तिच्या मुलांसमोर बोलावं. विषय: 'दुसऱ्या समाजाच्या द्वेषातून मी बाहेर कशी पडले'. हो-नाही करत "बघते" म्हणाले. मग ती म्हणाली, "असा एखादा प्रसंग सांग ना, ज्यानं डोळे उघडले." तिथेच अडलं. आमच्या घरी डोळे झाकायला कुणी शिकवलंच नव्हतं. उलट उघडे ठेवायला शिकवलं होतं, चोवीस तास.

बाबांची एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, फुगून दुप्पट झालेली. 'त्यांच्या'तल्या कुणी चोरी केली, फसवलं, मारामारी केली की ती बातमी कापून वहीत. मला कात्री नीट धरता यायला लागली तसं ते काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी आठवड्याचे पेपर जमिनीवर पसरायचे. बाबा बातमीवर बोट ठेवायचे, मी कापायचे. डिंक जास्त झाला की कागद ओला होऊन सुरकुतायचा. मग बाबा तळहातानं तो सपाट करून द्यायचे आणि समासात बारीक अक्षरात तारीख लिहायचे. थोड्याच दिवसांत त्यांना बोट ठेवावं लागेना. नाव वाचलं की मला कळायचं. शेजारच्याच रकान्यात आमच्यापैकी कुणी अगदी तेच केलेलं असायचं, आणि कात्री त्याच्या कडेनं वळून पुढे जायची. असं कर म्हणून मला कधीच कुणी सांगितलं नाही.

त्या वहीत खोटं काहीच नव्हतं. एकही बातमी बनावट नव्हती. कॉलेजात कुणी वाद घालायला आलं की मी तारखेसकट दाखले द्यायचे आणि समोरचा गप्प बसायचा. द्वेष म्हणजे अज्ञान, माणूस शिकला की तो जातो, असं म्हणणारे भेटले की मला अजूनही गंमत वाटते. माहिती आमच्याकडे ढिगानं होती.

आणि ते रविवार फार चांगले जायचे. आठवडाभर घुम्यासारखे वावरणारे बाबा तेवढा वेळ माझे असायचे. हे त्या मुलांना सांगायचं तर कसं सांगायचं?

बुधवार

प्रसंगच हवा असेल तर रात्रपाळी सांगावी लागेल.

प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा माझ्या जोडीला ती आली, 'त्यांच्या'तली. रक्ताच्या नळ्यांवरची नावं मी लावायची, ती तपासायची. तिनं लावलेली मी तपासायची. दोघींच्या सह्या झाल्याशिवाय काहीच पुढे जायचं नाही. ती बेसूर गुणगुणायची, उसनं घेतलेलं पेन कधी परत द्यायची नाही, आणि कामात मात्र वाघीण होती. मला ती आवडायला लागली. घरी बोलता बोलता म्हणाले, "ती वेगळी आहे हो." बाबा म्हणाले, "असते एखादी." झालं, विषय संपला.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं पूर्वग्रहांवर 1954 साली लिहिलं, त्यात आमचं हे घरगुती संभाषण जवळजवळ आहे तसं सापडतं. समज आणि अनुभव जुळेना की माणूस अपवाद मान्य करतो आणि घाईघाईनं कुंपण पुन्हा घालून टाकतो. ऑलपोर्ट ज्या संपर्कामुळे पूर्वग्रह कमी होतो म्हणतो, त्याच्या अटीही त्यानं घातल्या आहेत: दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, काम एकमेकांच्या मदतीनं व्हायला हवं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. नळ्या आणि सह्यांमुळे आमच्याकडे चारही अटी पूर्ण होत होत्या. तरीसुद्धा माझं कुंपण बरीच वर्षं शाबूत राहिलं. 'ती वेगळी आहे' हे वाक्य भलतंच सोयीचं. त्यात आपण उदारही ठरतो आणि काही बदलावंही लागत नाही.

ते कुंपण तिच्या चांगुलपणानं पडलं नाही, भांडणानं पडलं. सुट्ट्यांवरून ती माझ्याशी खरोखरच वाईट वागली, माझ्या मागे वरिष्ठांकडे जाऊन तिनं आपल्या सोयीच्या पाळ्या लावून घेतल्या. माझ्या मनात पहिलं वाक्य आलं, "शेवटी त्यांच्यातलीच." त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकीनं हेच केलं होतं. तिच्याबद्दल मी काय म्हटलं होतं? "ती आहेच खडूस." 'आहेच' म्हणजे तिची ती, एकटी. आमच्यापैकी बाकी कुणाचा त्याच्याशी संबंध नाही.

त्यांच्यातलं कुणी चांगलं वागलं तर अपवाद, वाईट वागलं तर नमुना. आपल्यातलं कुणी चांगलं वागलं तर संस्कार, वाईट वागलं तर अपवाद. हा हिशेब मी इतकी वर्षं मांडत होते आणि तो हिशेब आहे हेच मला दिसलं नव्हतं. आमचं भांडण काही गोड होऊन मिटलं नाही. तिचा राग मला आजही येतो, पण फक्त तिचा.

गुरुवार

झोप नाही. डेरेक ब्लॅक यांच्याबद्दल पुन्हा वाचत बसले. वडील डॉन ब्लॅक यांनी गोऱ्यांच्या वर्चस्वाचा प्रचार करणारं 'स्टॉर्मफ्रंट' हे संकेतस्थळ सुरू केलं, आणि त्यातलं मुलांसाठीचं पान डेरेक यांनी जेमतेम दहाव्या वर्षी बनवलं. त्या वयात माझ्या हातात कात्री होती, त्यांच्या हातात संगणक होता, एवढाच फरक. फ्लोरिडातल्या कॉलेजात त्यांची ओळख उघड झाली तेव्हा बहुतेकांनी पाठ फिरवली. मॅथ्यू स्टीव्हन्सन या ज्यू विद्यार्थ्यानं मात्र शुक्रवारच्या जेवणाला बोलावलं, मग पुढच्याही बऱ्याच शुक्रवारी बोलावलं. जेवताना त्या विषयावर वाद घालायचा नाही, असं पथ्य होतं. वाद दुसरीकडे चालला, एका मैत्रिणीबरोबर, आकडे आणि अभ्यास समोर ठेवून. 2013 मध्ये डेरेक यांनी जाहीर पत्र लिहून ती विचारसरणी सोडली. लोक ही गोष्ट सांगताना फक्त जेवण सांगतात. मला वाटतं, ती मैत्रीण वगळली तर गोष्ट लंगडी होते. आणि पाठ फिरवणाऱ्यांनाही मी नावं ठेवणार नाही. ज्यांच्याविरुद्ध आम्ही वह्या भरल्या, त्यांनीच आम्हाला जेवायला बोलवावं ही अपेक्षा म्हणजे जरा जास्तच झालं.

शुक्रवार

फोनवर पलीकडच्या माणसानं नाव सांगितलं आणि माझा आवाज आपोआप कोरडा झाला. मीच चमकले. मग मुद्दाम दोन शब्द जास्त बोलले, तेही कृत्रिम वाटलं असणार.

अमेरिकेतल्या 89 माजी वर्णवर्चस्ववाद्यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. विचार सोडल्यावरही जुने विचार, भावना, शरीराच्या प्रतिक्रिया न बोलावता येत राहतात, असं त्यातल्या अनेकांनी सांगितलं. संशोधकांनी त्याची तुलना थेट व्यसनाशी केली आहे. मला त्यातून दिलासा मिळाला म्हणावं तर तसंही नाही. एवढं कळलं की हा कोरडेपणा आला म्हणून घाबरून जायचं नाही, आणि त्याचं ऐकायचंही नाही.

दुसरं एक, जे कुणी विचारत नाही: बाहेर पडल्यावर बोलायला कुणी उरत नाही. चुलत भावंडांचे फोन हळूहळू बंद झाले, आणि 'ते' काही हारतुरे घेऊन उभे नव्हते. जर्मनीत 2000 साली बर्न्ड वाग्नर या माजी पोलीस अधिकाऱ्यानं आणि इंगो हासेलबाख या माजी नवनाझी पुढाऱ्यानं 'एक्झिट-डॉइचलँड' ही संस्था सुरू केली. ज्याला त्या टोळ्यांतून बाहेर पडायचं असेल त्यानं आपणहून यायचं. मग विचारसरणीबद्दल बोलणं होतंच, पण सुरक्षितता, घर, काम, नवी ओळखदेख याचीही सोय बघावी लागते. मला कुणाच्या टोळीपासून धोका नव्हता. पण रविवारी सकाळी काय करायचं, हा प्रश्न मला खरोखरच पडायचा.

रविवार

फोनमधली जागा भरली म्हणून फोटो काढून टाकायला बसले, तर एका फोल्डरमध्ये नुसते स्क्रीनशॉट. माझ्या जुन्या माणसांनी कुठे काय विखारी लिहिलं ते सगळं, तारखेसकट. खोटं त्यातही काही नाही. ज्या चुलत भावाचे सगळ्यांत जास्त सापडले, तोच शेजारच्या 'त्यांच्या'तल्या म्हाताऱ्यांना मध्यरात्री दवाखान्यात घेऊन गेला होता. ते मला माहीत होतं. त्याची नोंद कुठेच नाही.

दोन्ही बाजू सारख्याच, असलं काही मला म्हणायचं नाही. बरोबरी करायच्या नादात मार खाणाऱ्याला आणि मारणाऱ्याला एका पंगतीत बसवणारे लोक मला आवडत नाहीत. पण माझा हात तोच आहे आणि कापायची सवयही तीच, हे समोर दिसत असताना नाही कसं म्हणू? बरेचसे काढून टाकले. दोन-तीन ठेवले, त्यात सरळ धमक्या आहेत आणि त्या पोलिसांत द्यायच्या लायकीच्या आहेत. भावाचा त्यात एकही नाही, हे बघून बरं वाटलं.

दुपारी बाबांनी नेहमीसारखी एक बातमी पाठवली. एरवी मी उलट दुवे पाठवते आणि आमचं दोन दिवस बोलणं बंद पडतं. या वेळी फोन करून विचारलं, "बाबा, यातल्या कशाचा तुम्हाला सगळ्यांत जास्त राग आला?" ते आधी चिडले, मग बोलायला लागले. बातमी बाजूलाच राहिली. नोकरीत डावललं गेल्याचं, तेव्हाच्या साहेबाचं, आजीच्या आजारपणात पैसे नव्हते त्याचं बोलत राहिले. साहेब आमच्यातलाच होता. हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. मी काढून दाखवलं नाही. शेवटी म्हणाले, "तुला पटत नाही, माहीत आहे मला."

"नाही पटत, बाबा."

"बरं. गोळ्या घेतल्यात मी, ते विचारायचं राहिलं तुझं."

फोन ठेवला आणि तासाभरात त्यांचा दुसरा मेसेज आला, पहिल्यापेक्षा लांब. अजून वाचलेला नाही. उद्या पाळी संपली की वाचीन आणि फोन करीन.