कारणाचा रकाना

बाळूची ट्रंक अजून माझ्या पडवीत आहे. काळ्या पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. २०२० च्या दिवाळीनंतर त्याची बायको ती रिक्षात घालून घेऊन आली. बाळू बरोबर नव्हता. तो म्हणे लाजत होता. २२ वर्षं फौजेत नोकरी करून नाईक या हुद्द्यावरून २०१६ ला घरी आलेला माणूस आपल्या अपंगत्वाच्या पेन्शनचा हक्क मागायला लाजतो, ही आमच्या सातारा भागातली जुनीच गोष्ट आहे.

"आबा, ह्यांची कागदं जरा बघता का? आठ वर्सं झाली, रोज गोळी चालू हाय. आन् हितं लिवलंय, नोकरीचा काय संबंध न्हाई."

मी स्वतः फौजेत लिपिक होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आयुष्य टाइपरायटरपुढं आणि नंतर कॉम्प्युटरपुढं गेलं. त्यामुळं बाळूचं रिलीज मेडिकल बोर्डाचं, म्हणजे घरी पाठवण्याआधी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचं, प्रोसिडिंग हातात आल्यावर मी सरळ मतांच्या पानावर गेलो. तिथं एक तक्ता असतो. आजाराचं नाव. नोकरीमुळं झाला का? नोकरीमुळं वाढला का? नोकरीशी संबंध नाही का? आणि शेवटी एक रुंद रकाना: कारण, विशिष्ट परिस्थिती आणि नोकरीतला काळ. तो रकाना मुद्दाम रुंद ठेवलेला असतो, कारण तिथं डॉक्टरांनी विचार करून चार ओळी लिहाव्यात अशी अपेक्षा आहे.

बाळूच्या तक्त्यात आजार उच्च रक्तदाब, अपंगत्वाची टक्केवारी ३०, मुदत आयुष्यभर. पहिल्या दोन प्रश्नांना 'नाही', तिसऱ्याला 'होय'. आणि त्या रुंद रकान्यात एकच ओळ: सुरुवात पीस एरियात, म्हणून नाना. पीस एरिया म्हणजे शांत भागातली छावणी, फील्ड म्हणजे सीमेवरची नेमणूक.

गावात नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. फौजेच्या कागदावर मात्र या चार इंग्रजी अक्षरांचा अर्थ होतो: ना नोकरीमुळं झालेला, ना नोकरीमुळं वाढलेला. ही अक्षरं पडली की अपंगत्वाची पेन्शन नाकारली जाते. मग पहिलं अपील, दुसरं अपील, आणि दोन्हींची उत्तरं त्याच ओळीची नक्कल. बाळूलाही तशीच दोन पत्रं आली होती. पहिल्या पत्रात अपिलाची सहा महिन्यांची मुदत होती, ती त्यानं पाळली. दुसरं पत्र आल्यावर त्याला वाटलं, संपलं. पुढं कोर्ट असतं हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

मी डिस्चार्ज बुक उघडलं आणि पेन्सिलनं तारखा लिहायला बसलो. १९९४ ला भरती. भरतीच्या वेळच्या मेडिकल फॉर्मवर रक्तदाबाबद्दल एक शब्दही नाही, तब्येत ठणठणीत. नंतर एकूण तीन फील्ड पोस्टिंग. शेवटच्या फील्डला १२,००० फुटांवरची चौकी, तिथून फेब्रुवारी २०१२ ला खाली आला. जूनमध्ये पीस स्टेशनवरच्या तपासणीत रक्तदाब सापडला. चार महिने! चौकीवरून उतरून चार महिने झाले होते, आणि बोर्डानं फक्त ज्या गावात मशीन दंडाला बांधलं त्या गावाचं नाव बघितलं.

हे वाचताना मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली, ती इथं लिहायलाच हवी. हृदयविकाराच्या केसमध्ये डॉक्टर युनिटकडं त्या जवानाच्या झटक्याआधीच्या १४ दिवसांच्या कामाचा तपशील मागतात. शरीरावर, मनावर ताण पडला होता का, ते त्यावरून ठरतं. एकदा असा तपशील मी टाइप केला. घाई होती, साहेबांची सही घ्यायची होती. मी लिहिलं: नेहमीची कामं. तो जवान त्या पंधरवड्यात जवळजवळ रोज रात्री गार्डला उभा होता. मी गार्डचं रजिस्टर उघडून पाहिलं नाही. रजिस्टर माझ्या मागच्याच कपाटात होतं. त्याचं पुढं काय झालं मला कळलं नाही, माझी बदली झाली. पण आज कुणाचीही कागदपत्रं हातात आली की मी आधी रजिस्टरं विचारतो.

आता कोर्टाचं. आपल्या लोकांना वाटतं की कोर्टात गेलं की जज साहेब आपली तब्येत बघणार, नवे रिपोर्ट दाखवायचे, छातीचा फोटो दाखवायचा. तसं नसतं. कोर्ट डॉक्टर होत नाही. आजार आहे की नाही, टक्के किती, यात ते सहसा हात घालत नाही. कोर्ट बघतं की नकार देणाऱ्यानं नियम पाळले का आणि कारण दिलं का. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात मेडिकल बोर्डाच्या मताला प्राधान्य दिलं होतं, आणि त्यानंतर सरकारी वकील प्रत्येक केसमध्ये तेच वाचून दाखवायचे. बोर्ड म्हणालं ना, मग विषय संपला.

२ जुलै २०१३ ला धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल आला आणि वारं फिरलं. सिग्नल्समधला जवान, १९८५ ला भरती, १९९४ ला फिट्सच्या आजारामुळं २० टक्के अपंगत्व देऊन बोर्ड आउट, म्हणजे आजारामुळं नोकरीतून घरी पाठवलेला. पेन्शन नाकारलेली. सर्वोच्च न्यायालयानं सरकारचेच नियम सरकारपुढं ठेवले. भरती करताना तुम्ही माणूस तपासून घेतला. तेव्हा कागदावर काही आजार लिहिला नाही, म्हणजे तो निरोगी होता असं धरायचं. नंतर आजार निघाला, तर तो नोकरीत झाला असं धरायचं. तो आजार भरतीच्या तपासणीत दिसणं शक्यच नव्हतं असं बोर्डाला म्हणायचं असेल, तर त्याची कारणं बोर्डानं लिहायला हवीत. आणि सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही. शंका राहिली तर फायदा जवानाला. त्या केसमध्ये बोर्डानं कारण लिहिलंच नव्हतं, आणि पेन्शन मंजूर करणाऱ्यांनी तो कागद डोळे झाकून पुढं ढकलला होता.

म्हणून मी त्या रकान्यापाशी एवढा थांबतो. सगळी केस त्या एका चौकोनात असते.

'पीस एरियात सुरुवात' हे कारण आहे की नाही, यावर फौजींच्या केस ऐकणाऱ्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणानं पुन्हा पुन्हा सांगितलंय की पीस स्टेशनवरच्या फौजी नोकरीलाही तिचा ताण असतो, तेवढ्या एका ओळीवर नकार टिकत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही एका माजी सुभेदाराच्या मधुमेहाच्या केसमध्ये हेच धरलं. मला स्वतःला ते 'पीस' नाव कधीच पटलं नाही. पहाटेची पीटी, रात्रीची गार्ड, महिनोन्‌महिने रेंज आणि एक्सरसाइज, घरी आई आजारी आणि रजा नामंजूर. हे ज्यानं भोगलंय त्याला विचारा.

बाळूची केस आम्ही २०२१ मध्ये सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात दाखल केली. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्यानं झालं आणि २००९ पासून चालू आहे. त्याआधी सगळ्यांना उच्च न्यायालयाची वाट धरावी लागायची. समोर दोघं बसतात, एक निवृत्त न्यायाधीश आणि एक निवृत्त मोठा लष्करी अधिकारी. मला ही रचना आवडते, कारण चौकी म्हणजे काय हे त्यातल्या एकाला तरी सांगावं लागत नाही. सुनावणी मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकली. आमच्या वकिलांनी भरतीचा फॉर्म दाखवला, चौकीवरून उतरल्याची तारीख दाखवली. मग समोरून सरकारी वकिलांना विचारलं गेलं, एवढंच कारण आहे का? त्यांनी पानं उलटली. पुढं कारण नव्हतंच. शेजारी बसलेल्या बाळूनं माझा गुडघा घट्ट धरला होता.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पण सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल इथं सांगतो, कारण त्यात बाळूचं नुकसान झालं. न्यायाधिकरणात अर्ज करायला कायद्यानं सहा महिने असतात. आम्ही उशिरा गेलो. पेन्शन दर महिन्याला बुडते, म्हणून उशीर झाला तरी दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच एका केसमध्ये सांगितलंय. तो जवान १९८३ ला बोर्ड आउट होऊन १९९९ ला कोर्टात गेला होता. पण आम्हाला मागची थकबाकी मिळाली ती अर्ज केल्याच्या आधीच्या तीनच वर्षांची. बाळूची त्यामुळं जवळपास दोन वर्षं गेली. ट्रंक आधी उघडली असती तर ती वाचली असती.

पैशाचं गणित विचारतात म्हणून थोडक्यात. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात. पगार ४०,००० धरला तर १२,०००. ३० टक्क्यांना त्यातले ३,६००. पण २० ते ४९ टक्क्यांपर्यंतचं अपंगत्व ५० धरायचा नियम आहे, म्हणजे ६,०००, वर महागाई भत्ता. हा वाढीव हिशोब फक्त बोर्ड आउट झालेल्यांना द्यायचा असं सरकारचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालानं नोकरी पूर्ण करून आलेल्यांनाही तो मिळाला. बाळू त्यातलाच. बाळूच्या आदेशात पैसे द्यायला चार महिन्यांची मुदत होती, खात्यानं अकरा लावले, मध्ये अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागला. जिंकलेल्या माणसाला पुन्हा दार वाजवायला लावणं मला फार लागतं.

आणि एक तारीख लक्षात ठेवा, २१ सप्टेंबर २०२३. त्या दिवसापासून नवे नियम लागू आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी माझ्या या जुन्या हिशोबावर जाऊ नये, वकिलाला आधी निवृत्तीची तारीख सांगावी.

सगळ्याच केस अशा लागत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्किझोफ्रेनियाच्या एका केसमध्ये जवानाच्या विरुद्ध निकाल दिला. मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसत नाही, म्हणून तो नोकरीत झाला असं आपोआप धरता येणार नाही, असं तिथं म्हटलंय. मग मे २०२५ मध्ये त्याच आजाराच्या दुसऱ्या केसमध्ये जवान जिंकला. फरक कशात? बोर्डानं कारणं दिली नव्हती. पुन्हा तोच रकाना.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातले एक वडील आले होते. मुलगा शिपाई, रजेवर घरी असताना स्वतःच्या घराच्या स्लॅबवरून पडला. कमरेला कायमची इजा. पेन्शन नाकारलेली. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की सुभेदार आबांकडं जा, ते मिळवून देतात. मी सगळे कागद दोनदा वाचले. कोर्ट ऑफ एन्क्वायरी, म्हणजे फौजेची आतली चौकशी, व्यवस्थित झाली होती. कारणाच्या रकान्यात कारण होतं: रजेवर, खाजगी काम करताना. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं जवळपास अशीच केस होती, रजेवर असलेला एक नाईक बहिणीच्या घरी गच्चीवर जाताना पडला होता. त्याला पेन्शन मिळाली नाही. इजेचा नोकरीशी काहीतरी धागा असायला हवा, असं कोर्टाचं म्हणणं.

मी त्यांना ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण रेल्वेत अपघात झालेल्याला दिली म्हणत्यात की."

तेही खरं आहे. १९९९ चा निकाल आहे, रजेवर जाताना वाटेत अपघात झालेल्या जवानाला कोर्टानं पेन्शन दिली. मी म्हटलं, "दादा, तो वाटेवर होता. तुमचा मुलगा घरी पोचला होता."

त्यांनी कागद एकेक करून घडीवर घडी घालत पिशवीत ठेवले. मी त्यांना बसा म्हटलं, आतून चहा मागवला. मग विचारलं, मुलाला रजेवर पाठवलं तेव्हा त्याच्या कमरेची काही जुनी नोंद होती का, युनिटमध्ये कधी एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, गेला होता का? ते म्हणाले, दोन वर्षांपूर्वी पॅराशूटच्या ट्रेनिंगला पाठ धरली होती, आठ दिवस दवाखान्यात होता.

"त्याचा कागद?"

"ट्रंकेत असंल."

म्हटलं, उद्या ट्रंक घेऊन या.