आज सगळं लक्ष गिटारवाल्याच्या हातांवर

आज लाइव्ह कार्यक्रमाला गेले होते. गिटार शिकायला लागल्यापासून स्टेजकडे बघायची नजरच बदललीय. पूर्वी फक्त गायिकेकडे बघायचे, आज गिटारवाल्याच्या डाव्या हातावरून डोळे हटेनात. सी कॉर्डवरून जी कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) जाताना त्याची बोटं तारांपासून जेमतेम उचलली जायची, आणि उजवा हात एकदाही थांबला नाही. कॉर्ड बदलताना स्ट्रमिंग तोडायचं नाही, असं सर सारखं का सांगतात ते आज समोर दिसलं.

मधेच त्याने दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला. बोटं जीचीच, पण ऐकू येतोय ए! दोन फ्रेट म्हणजे दोन अर्धस्वर वर. वहीत लिहून घेतलं होतं, कानाला पटलं ते आज.

आणि बेसचा तो ठोका थेट छातीत जाणवतो ना, हेडफोनवर नाही मिळत ते सुख.

घरी आल्या आल्या गिटार ट्यून करून ई मायनर वाजवत बसले. बोटांची टोकं दुखतात अजून, पण कातडी घट्ट व्हायला लागलीय. आता एफचा बार कॉर्ड, पहिल्या फ्रेटवर सहाही तारा एकाच बोटाने दाबायच्या. जमवणारच!

असा कार्यक्रम पुन्हा कुठे असेल तर कळवा रे, सोबत जाऊ.