प्रभुभोजनाच्या आधीचे सहा दिवस

अनेक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, असतो आणि आदल्या रविवारी त्याची सूचना दिली जाते. 'आत्मपरीक्षा करून या' हे वाक्य त्यात असतंच. ती परीक्षा नेमकी कशी करायची, हे मात्र क्वचितच सांगतात. मग माणसं ती आपल्या खाजगी पापांपुरती करतात, आणि पुढच्या बाकावरच्या भावाशी वर्षानुवर्षं अबोला असूनही भाकर आणि प्याला घेतात. प्रेषित पौलाने आत्मपरीक्षेचं हे सांगितलं (१ करिंथ ११) ते मंडळीतल्या फुटीवर बोलतानाच. काहीजण आपापलं जेवून तृप्त होत होते आणि त्याच मेजावर दुसरे उपाशी राहत होते. म्हणून प्रभुभोजनाआधीचा सोमवार ते शनिवार हा समेटासाठीच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी कोणी जायचं, यावर बहुतेक भांडणं अडतात. शास्त्रात याचं उत्तर दोन ठिकाणी आहे. मत्तय ५:२३-२४ मध्ये ज्याच्यामुळे दुसऱ्याच्या मनात काही आहे त्याने अर्पण वेदीपुढे ठेवून निघायचं आहे. मत्तय १८:१५ मध्ये ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्याने जायचं आहे. दोन्ही वचनं शेजारी ठेवली की घरी बसून वाट पाहायची सवलत कुणालाच उरत नाही.

सोमवारी किंवा मंगळवारी फोन करून फक्त वेळ ठरवावी: 'बुधवारी संध्याकाळी घरी येऊ का?' विषय फोनवर काढू नये, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही. लिहिलेल्या ओळीत आवाजातला ओलावा उतरत नाही, आणि ती ओळ रात्रीतून दहा घरी पोचते. उपासनेनंतर चर्चच्या दारातही हे बोलणं नको. तिथे ऐकणारे असतात, आणि ऐकणारे असले की माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो. शक्यतो त्यांच्याच घरी जावं. एकच गोष्ट काढावी, आणि घडलं ते सांगावं. 'वार्षिक सभेत हिशेब वाचताना तुम्ही माझं नाव घेतलंत, ते मला फार लागलं' एवढं पुरे. 'तुम्हाला मला बदनाम करायचं होतं' हे वाक्य आलं की भेट तिथेच संपते, कारण आता आपण त्यांच्या हेतूचा न्याय करतोय, आणि हेतू कुणालाच सिद्ध करता येत नाही. आपलं बोलून झालं की गप्प बसावं आणि त्यांचं पूर्ण ऐकावं. जुनी उणीदुणी निघू लागली तर 'तेही बोलू, पण वेगळ्या दिवशी' म्हणावं. अर्धा-पाऊण तास पुरतो. शेवटी प्रार्थना करावी, ती छोटी. 'प्रभू, या घराला नम्रता दे' अशी प्रार्थनेच्या आडून केलेली टोचणी सगळी भेट वाया घालवते.

इथेच सर्वांत मोठी चूक होते: पहिली पायरी, म्हणजे एकट्याने जाऊन बोलणं, गाळली जाते. अपराध झाला की आपण चार जणांना सांगतो, आणि सांगताना 'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं' अशी प्रस्तावना करतो. ही चुगलीच आहे. ज्याच्याशी बोलायचं तो सोडून सगळ्यांना कळलं, की त्याला परतायला वाट राहत नाही. मत्तय १८:१५ मध्ये प्रभूने 'तुम्ही दोघेच असताना' असं मुद्दाम म्हटलंय. तसं कुणी आपल्याकडे आलं तर एवढंच विचारावं: 'त्यांच्याशी बोललात का?'

एकट्याने जाऊन जमलं नाही तर एक-दोन जणांना घेऊन जायचं. हे साक्षीदार आपल्या बाजूचे वकील नव्हेत. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातला (१९:१५) दोघा-तिघांच्या साक्षीचा नियम एकाच माणसाच्या बोलण्यावर कुणी दोषी ठरू नये यासाठी आहे. म्हणून मेहुणा, व्याही किंवा येत्या कमिटी निवडणुकीत आपल्याच पॅनेलवर उभा राहणारा नको. एक नाव आपण सुचवावं, दुसरं त्यांनाच विचारावं. महिला मंडळातली एखादी वडीलधारी बाई पुष्कळदा कमिटीतल्या पुरुषांपेक्षा हे काम नीट करते, कारण तिला दोन्ही घरांची दुःखं ठाऊक असतात. ठरलेलं दोन ओळींत लिहून दोघांकडे एकेक प्रत ठेवावी. वर्षभराने 'असं ठरलंच नव्हतं' हा नवा वाद त्यामुळे टळतो.

त्यानंतर मंडळी. म्हणजे पाळक आणि कमिटी यांच्यापुढे विषय न्यायचा, रविवारच्या उपदेशात नाही. नाव न घेता केलेला उपदेशातला वार सगळ्यांना कळतो आणि ज्याच्यावर होतो त्याला उत्तर देता येत नाही. तरीही त्याने ऐकलं नाही तर, येशूच्या शब्दांत, तो 'परराष्ट्रीय किंवा जकातदार' (लोक ज्यांना टाळत ते कर गोळा करणारे) यांच्यासारखा. हे वाक्य बहिष्काराची परवानगी म्हणून वापरतात. पण हे लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार होता, आणि येशू त्याच्या घरी जेवला होता. पदावरून दूर करणं वेगळं. आजारपणात भेटायला न जाणं, मयतीला न जाणं हे ख्रिस्ती शिस्तीत बसत नाही.

एक गोष्ट मात्र या पायऱ्यांत अजिबात बसवू नये. मुलांवरचे लैंगिक अत्याचार, बाईला मारहाण, धमक्या: इथे पीडिताला 'आधी एकट्याने जाऊन बोल' असं सांगणं क्रूरपणा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलांवरच्या अशा गुन्ह्याची माहिती असलेल्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळकही त्याला अपवाद नाहीत. चर्चची अब्रू राखण्यासाठी असं प्रकरण झाकण्याला एकी म्हणत नाहीत. पैशांच्या अपहारातही क्षमा आणि विश्वास वेगळे ठेवावेत. क्षमा आज करता येते, पण तिजोरीची किल्ली त्याच हातात परत देणं गरजेचं नाही.

खरं तर पुष्कळ भांडणं माणसांमुळे कमी आणि ढिल्या कारभारामुळे जास्त होतात. अर्पण एकट्या खजिनदाराने घरी नेऊन मोजलं की संशय येणारच, मग तो कितीही सचोटीचा असो. उपासना संपताच चर्चमध्येच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी ते मोजावं, वहीत दोघांनी सही करावी, बँक उघडताच भरणा करावा आणि महिन्याचा गोषवारा फलकावर लावावा. त्याने खजिनदाराचंच नाव स्वच्छ राहतं.

यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं (प्रेषितांची कृत्ये ६). प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही. मंडळीने सात जण निवडले, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे वाटणीचं काम बहुधा ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांकडे गेलं. आपल्या कमिट्यांनी हे पुन्हा पुन्हा वाचावं. पूर्वीच्या जातीची ओळख आजही आपल्याकडे सोयरिकीत दिसते आणि निवडणुकीच्या पॅनेलमध्येही. सभासद सगळ्या वस्त्यांतले आणि सेक्रेटरी, खजिनदार पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोतातले, असं असताना एकीवर कितीही गीतं गायली तरी डावललेल्यांच्या मनातली अढी जाणार नाही.

मोठ्या प्रमाणावरही हे जमू शकतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या (वेगवेगळ्या पंथांच्या चर्च संघटना) एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी (सीएनआय) झाली. बोलणी १९२९ पासून चालू होती. बिशप असावेत असं मानणारे अँग्लिकन आणि बाळांना बाप्तिस्मा न देणारे बॅप्टिस्ट एकाच मंडळीत आले, ते कुणाला हरवून नाही. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीतींना समान जागा दिली: बाळपणी बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली, किंवा बाळपणी समर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. अमेरिकन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिली, याचं दुःख आजही वाटावं असंच आहे.

फिलिप्पै इथल्या मंडळीतल्या युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांचं कशावरून बिनसलं, हे पौल लिहीत नाही (फिलिप्पै ४:२-३). कुणाचं चुकलं तेही सांगत नाही. विनंती तो दोघींना वेगवेगळी करतो, तिसऱ्या एका सोबत्याला त्यांना मदत करायला सांगतो, आणि सुवार्तेसाठी या दोघींनी आपल्याबरोबर श्रम केले आहेत याची आठवण देतो. पाळकांना यातून एक सरळ उपाय घेता येईल. समेट झालेल्या दोघांना पुढच्याच आठवड्यात एक छोटं काम एकत्र द्यावं: आजारी सभासदांच्या भेटी, नाताळच्या प्रीतिभोजनाचं सामान, संडे स्कूलच्या परीक्षेची तयारी. काम असं हवं की एकाला दुसऱ्याला फोन करावाच लागेल, पण दोन-तीन आठवड्यांत संपेल, म्हणजे जखम ताजी असताना जास्त ताण येणार नाही. आणि त्या काळात दोघांपैकी कुणालाही साक्ष द्यायला पुढे बोलावू नये. लोकांपुढे बोलायचं की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं.